गाडी रिकामी पाहू नका: कुटुंबासाठी गाडी निवडणं आणि टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाल्यांची टेस्ट ड्राइव्ह ठरलेली असते. गुळगुळीत सपाट रस्ता, गाडीत तुम्ही आणि सेल्सचा माणूस, चार-पाच किलोमीटरची फेरी, आणि एसी आधीच गारेगार करून ठेवलेला. अशा फेरीत कुठलीही नवी गाडी छानच वाटते. तिची खरी परीक्षा होते गणपतीच्या आदल्या दिवशी. आत पाच माणसं, डिकीत बॅगा, बाहेर धो धो पाऊस, घाटात रांग, आणि शेवटचे चार किलोमीटर गावाकडचा खडबडीत रस्ता. त्या दिवशी निभावणारी गाडी उरलेले ३६४ दिवस ऑफिस आणि शाळेच्या फेऱ्या सहज करते. म्हणून निवड त्या एका दिवसाकडे बघून करा, आणि टेस्ट ड्राइव्हही तशीच भरलेल्या गाडीची घ्या.

आधी वजनाचा हिशेब

प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकात किंवा मालकाच्या पुस्तिकेत दोन वजनं असतात: कर्ब वेट म्हणजे इंधनासह रिकाम्या गाडीचं वजन, आणि ग्रॉस वेट म्हणजे माणसं-सामानासह चालणारं जास्तीत जास्त वजन. यातला फरक म्हणजे गाडीची खरी ताकद. समजा कर्ब वेट ११०० किलो आणि ग्रॉस वेट १५५० किलो आहे, म्हणजे तुमच्या हातात ४५० किलो. चार मोठी माणसं सरासरी ७० किलोची धरली तर २८०, एक लहान मूल २५, बॅगा ६०. झाले ३६५. परतताना गावचे तांदूळ २५ किलोच्या दोन गोण्या, आणि २० किलोच्या दोन आंब्याच्या पेट्या. बेरीज ४५५. बाहेरून ऐसपैस दिसणारी गाडी मर्यादा ओलांडून बसली. सीएनजी गाडीत टाकीचं वजनही कर्ब वेटमध्ये धरलेलं असतं, त्यामुळे पेट्रोलचे आकडे बघून सीएनजी बुक करू नका. त्याच मॉडेलचे सीएनजीचे दोन्ही आकडे मागा.

डिकीच्या लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. घरातल्या दोन मोठ्या बॅगा, एक डफल आणि बाळ असेल तर त्याची गाडी असं सगळं शोरूममध्ये घेऊन जा आणि डिकीत रचून बघा. सेल्सवाले कधी नाही म्हणत नाहीत. सात सीटर बघत असाल तर तिसरी रांग उभी ठेवून डिकी बघा. बऱ्याच गाड्यांत त्या अवस्थेत जेमतेम २०० लिटरच्या आसपास जागा उरते, म्हणजे सात माणसं आणि सातांच्या पाठपिशव्या. सात जण वर्षातून दोनदाच प्रवास करणार असतील, तर त्या दोन वेळा दुसरी गाडी भाड्याने घेणं परवडतं.

आपल्याकडे इतक्या गाड्यांची लांबी ४ मीटरच्या आतबाहेर का असते, तेही समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. ही मर्यादा पाळताना कात्री बहुतेक वेळा डिकीवर आणि मागच्या सीटच्या पायांच्या जागेवर चालते. एकूण उंच आणि रुंद दिसणारी छोटी एसयूव्ही आतून मोठ्या हॅचबॅकइतकीच असू शकते.

आणि घरचं पार्किंग टेपने मोजा. आरशांसह रुंदी, दार उघडायला लागणारी जागा, बेसमेंटच्या रॅम्पचं वळण. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. उंच गाडी त्यात बसत नाही आणि हे बुकिंगनंतर कळतं.

इंधन: महिनाभराची डायरी लिहा

रोज किती किलोमीटर, एका दमात किती, आणि गावाकडे वर्षातून किती वेळा, एवढं लिहिलं की निम्मा वाद मिटतो.

डिझेलबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती साफ व्हायला गाडी सलग १५-२० मिनिटं महामार्गाच्या वेगाने पळावी लागते. रोज पाच किलोमीटर ऑफिस आणि पाच परत, एवढंच चालवणाऱ्याची जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर गाडी जोर कमी करून टाकते. बदलायची वेळ आली तर खर्च मोठा. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर, त्यातलं बरंचसं हायवेवर, असं चालवणं असेल तरच डिझेल घ्या. अशा वापरात मात्र भरलेल्या गाडीला घाटात ओढायला डिझेलसारखं काही नाही.

सीएनजी शहरात पैसे वाचवते. पण पंपांच्या रांगा, सणासुदीला कोकणात लागणारा वेळ, पेट्रोलपेक्षा कमी ओढ आणि डिकीत टाकी हे सगळं त्यासोबत येतं. दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या गाड्यांत जागा बरीच वाचते. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. घाट चढताना पेट्रोलवर बदलायची सवय ठेवा.

विजेवरची गाडी घ्यायची तर प्रश्न रेंजच्या जाहिरातीचा नाही. तुमच्या पार्किंगला स्वतंत्र मीटर मिळतो का आणि गावच्या घरी १५ अँपिअरचा अर्थिंग असलेला प्लग आहे का, हे दोन प्रश्न आधी सोडवा. दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तर पुढे बघा.

गिअरबॉक्स

मॅन्युअल चालवायचा कंटाळा आला म्हणून ऑटोमॅटिक घेतात, पण ऑटोमॅटिक चार जातींचे असतात आणि घाटात चारही वेगळे वागतात. एएमटी म्हणजे तोच साधा गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम मशीन करतं. स्वस्त आणि मायलेजला चांगला, पण चढावर गिअर बदलताना डोकं पुढे झुकतं आणि गाडी मागे सरकू शकते. टॉर्क कन्व्हर्टर मऊ, दणकट, चढावरच्या रांगेत सगळ्यात निवांत. सीव्हीटी शहरात रेशमी, पण भरलेल्या गाडीने जोरात चढ चढताना इंजिन ओरडत राहतं. ड्युअल क्लच हायवेवर अप्रतिम. यातले कोरडे (तेलात न बुडवलेले) क्लच असलेले मात्र चढावर तासभर इंच-इंच सरकताना तापतात. अशा रांगेत ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवायची सवय क्लच जाळते. ब्रेक दाबून थांबा, पुढे गाडीएवढी जागा झाली की मगच हला.

जमिनीपासूनची उंची आणि टायर

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा छापलेला असतो. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी किती बसते, ते मोजायची सोपी पद्धत आहे. सपाट जागी मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावा. मग माणसं बसवा, बॅगा ठेवा, पुन्हा मोजा. जो फरक येईल तितकी ती बाजू खाली आली. छापील आकडा समजा १८० मिलिमीटर असेल, तर त्यातून तो वजा करा. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा बांधलेला असेल तर कुठलीच गाडी घासत नाही. गावात मात्र गतिरोधक लोक आपल्या मनाने बांधतात, उंच आणि अरुंद, आणि तिथे दोन चाकांमधलं अंतर लांब असलेली गाडी पोटावर घासते. म्हणून लांब सेडान किंवा सात सीटर बघताना नुसता आकडा पुरत नाही.

टायरच्या बाबतीत मोठं चाक देखणं दिसतं आणि त्यासाठी जास्त पैसेही घेतात. पण खड्ड्याचा मार टायरची रबरी बाजू सोसते, आणि ती जितकी उंच तितकं बरं. २१५/६० लिहिलेल्या टायरची बाजू १२९ मिलिमीटर येते, २१५/५५ ची ११८. हा सेंटिमीटरभर फरक खोल खड्ड्यात रिम वाकण्या-न वाकण्याइतका असतो. कोकणातल्या जांभ्याच्या धारदार दगडांनी टायरची बाजूच कापली जाते, आणि बाजूची चीर पंक्चर किटने भरत नाही. त्यामुळे स्टेपनी आहे का, पूर्ण मापाची आहे का, हे डिकीचा पत्रा उचलून बघा. बारीक स्टेपनीवर साधारण ८० च्या वर जायचं नसतं. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं किट असतं. गावाकडच्या रस्त्यांसाठी अशी गाडी नको.

बॉनेट उघडून हवेच्या फिल्टरपर्यंत जाणाऱ्या नळीचं तोंड कुठे आहे तेही बघा. पावसात पाण्यातून जाताना त्या तोंडात पाणी गेलं तर ते इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बघितली की छोटं काम मोठं होतं. चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर थांबायचं, हा नियम सगळ्या गाड्यांना सारखा.

सुरक्षितता

ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळून तिला सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या, चाचण्या सुरू आहेत. प्रौढांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ गुणांचं वेगवेगळं मूल्यमापन असतं. फक्त तारे मोजू नका. मुलांचे गुण वेगळे वाचा, आणि चाचणी झालेल्या गाडीत तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटइतकेच एअरबॅग होते का ते बघा. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याला तीन टोकांचा बेल्ट आणि डोक्यामागे आधार हवाच, कारण घरोघरी मध्ये आजी किंवा मूल बसतं. बेल्टचं बकल सीटच्या फटीत लपलेलं असेल तर तो बेल्ट कधीच लावला जाणार नाही. मुलाची सीट असेल तर आयसोफिक्सच्या, म्हणजे ती सीट अडकवायला मागच्या सीटमध्ये दिलेल्या, कड्यांत ती प्रत्यक्ष बसवून बघा.

टेस्ट ड्राइव्ह

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी वेळ मागा आणि आधीच सांगा की किमान वीस किलोमीटर, तासभर, चढासह चालवणार आणि घरचे बरोबर असणार. घेणार तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, शक्यतो तेच टायर असलेली गाडी मागा. वरच्या व्हेरिएंटची गाडी चालवून खालचं बुक केलं तर आवाज, पकड, सीट सगळं वेगळं निघतं. स्वतःचं लायसन्स बरोबर ठेवा आणि टेस्ट गाडीला काही झालं तर खर्च कोणाचा, हे विचारून घ्या.

निघण्याआधी टायरची हवा तपासा. ड्रायव्हरच्या दारामागच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. शोरूमच्या गाडीत हवा कमी असेल तर खड्डे मऊ लागतात, जास्त असेल तर गाडी उड्या मारते. दोन्ही वेळा तुमचा अंदाज चुकतो.

इंजिन सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसतं बसा. सीट लावा, स्टिअरिंग लावा, मग क्लच पूर्ण दाबून बघा की कंबर सीटवरून सुटत नाही ना. घरातली सगळ्यात बुटकी चालक व्यक्ती आणि सगळ्यात उंच, दोघांनी करा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना स्वतः चढू-उतरू द्या, हात देऊ नका. सीट फार खाली असेल तर उठताना त्रास, फार उंच असेल तर चढताना. दाराचा उंबरा रुंद असेल तर साडीत पाय टाकताना अडखळायला होतं आणि पावसात चिखल साडीला लागतो.

नंतर चढ गाठा. पुण्यात जुना कात्रज घाट, ठाण्यात घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट, साताऱ्यात यवतेश्वर, नाशिककरांना कसारा. जवळ घाटच नसेल तर मॉलच्या बेसमेंटचा रॅम्प आणि एखादा लांब उड्डाणपूल. गाडीत चार-पाच जण, एसी चालू, खिडक्या बंद. दुसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने चढा आणि पाय दाबा. गाडी वेग घेते का, की पहिला गिअर मागते? १.२ लिटरची साधी पेट्रोल इंजिनं भरलेल्या गाडीत इथे दमतात. सपाटीवर ती अजिबात वाईट नसतात, पण घाटात वारंवार जाणाऱ्याला ती थकवतात. टर्बो असेल तर वळणावर वेग कमी करून आरपीएम १५०० च्या खाली जाऊ द्या आणि मग पाय दाबा. क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम झेपावते, असं असेल तर नागमोडी वळणांवर प्रत्येक वेळी हेच होणार. ते तुम्हाला जमेल का, ते तिथेच ठरवा.

चढावर मागे कोणी नसताना पूर्ण थांबा. ब्रेक सोडून निघा. हिल होल्ड गाडीला दोन-तीन सेकंद धरून ठेवतं, त्या वेळात गाडी निघायला हवी. हे तीन-चार वेळा करा आणि क्लचचा जळका वास येतो का बघा.

उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून इंजिनचा अटकाव किती आहे ते जाणवू द्या. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल किंवा एल (खालच्या गिअरचा) मोड लावून पाहा. इंजिन गाडीला धरत नसेल तर सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पेडल मऊ पडतं. न्यूट्रलवर उतरणं म्हणजे तोच धोका आपल्या हाताने ओढवून घेणं.

यानंतर पाच मिनिटं गाणी बंद करून खराब रस्ता. ३० ते ४० च्या वेगाने, आणि या वेळी निकाल मागे बसलेल्यांनी द्यायचा. मागची माणसं उडतात का, 'थड' असा आवाज करून सस्पेन्शन तळाला टेकतं का, डॅशबोर्ड कुरकुरतो का. एक चाक खड्ड्यात, एक वर, असं तिरकं जाऊन बघा. घरात कोणाला गाडी लागत असेल तर त्याला मागच्या खिडकीशी बसवा. खिडकीची कड उंच आणि काच छोटी असेल तर बाहेरचं दिसत नाही, आणि घाटात उलटी ठरलेली. मागे एसीची हवा पोचते का तेही त्यालाच विचारा.

मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही याची खात्री करून, ५० वरून जोरात ब्रेक मारा. पायाखाली एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेचा, धडधडाट येणं बरोबर आहे. गाडी सरळ थांबली पाहिजे, स्टिअरिंग एका बाजूला ओढता कामा नये. मग ८० वर सलग चालवून वाऱ्याचा आणि टायरचा आवाज ऐका. नेहमीच्या आवाजात मागच्याशी बोलता येत नसेल तर सहा तासांच्या प्रवासात डोकं उठेल.

एक फेरी संध्याकाळनंतर जरूर मागा. कोकणातल्या अंधाऱ्या वळणांवर दिव्याचा झोत किती लांब जातो त्यापेक्षा बाजूला किती पसरतो हे जास्त उपयोगी. पुढच्या काचेशेजारचा जाड खांब वळणावर समोरची दुचाकी झाकतो का, तेही तेव्हाच कळतं. पावसाळा असेल तर आणखी चांगलं: वायपर काचेवर किती भाग कोरा सोडतो, काचेवरची वाफ किती वेळात जाते, मागच्या काचेला वायपर आणि तापणाऱ्या तारा आहेत का. चिखलाच्या रस्त्यावर मागचा वायपर नसलेली गाडी दहा मिनिटांत मागून आंधळी होते.

दोन गाड्यांत अडकलात तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, त्याच माणसांना घेऊन चालवा. आठवड्याच्या अंतराने घेतलेल्या फेऱ्यांची तुलना आठवणीतून होते, आणि त्यात शेवटची गाडी जिंकते.

पैसे भरण्याआधी आणि ताबा घेताना

ऑन-रोड किमतीचा कागद ओळीनिशी मागा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के रोड टॅक्स असतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यात २ टक्के जास्त. त्यामुळे ९.९ लाखांच्या गाडीवर अ‍ॅक्सेसरीजऐवजी वरचं व्हेरिएंट घेताना टप्पा बदलतो का ते बघा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचा भाव घेऊन जा, फरक दिसेल. पावसाच्या भागात फिरणार असाल तर इंजिन संरक्षणाचं कलम जोडून घ्या, साध्या विम्यात पाणी शिरून बिघडलेलं इंजिन येत नाही. आणि गावाजवळच्या तालुक्यात कंपनीचं वर्कशॉप आहे का, ते सेल्सवाल्याला न विचारता स्वतः फोन करून विचारा.

नोंदणीच्या आधी गाडी दिवसाउजेडी तपासा, कारण नंबर पडल्यावर बदलून मिळणं अवघड. पत्र्यावर तिरका उजेड घेऊन रंगातला फरक, दारांच्या फटी सारख्या आहेत का, काचांवरचे शिक्के एकाच साच्याचे आहेत का. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार आकडे असतात: २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायरवर ते जवळपास सारखे हवेत. एखादा वर्षभर जुना असेल, तर गाडी यार्डात पडून होती किंवा टायर बदललाय. ताब्याचा कागद सही करण्याआधी स्टेपनीचा टायरही बाहेर काढून वाचा.